दप्तरातलं थोरलं माणूस

जनरल रजिस्टर दोन्ही हातांनी उचलावं लागतं. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, झिजून गोल झालेले कोपरे. उघडलं की ते टेबलाची सगळी रुंदी व्यापतं, कारण त्याची एक ओळ एका पानावर मावत नाही. डाव्या पानावर सुरू होते आणि उजव्या पानाच्या टोकाला संपते. रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांमध्ये जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळा आहेत, पटावर जेमतेम दहा-बारा मुलं असलेल्या. तिथे लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्याचा मुक्काम असतो. ओल आणि वाळवी या त्याच्या दोन जुन्या वैरिणी. पावसाळ्यापूर्वी गुरुजी त्याला ऊन दाखवतात, पानांत डांबरगोळ्या ठेवतात आणि पुन्हा आत नेऊन निजवतात. कपाटात इतर वह्याही आहेत. हजेरीपत्रक दरवर्षी नवं येतं. पोषण आहाराची वही तांदूळ-डाळीच्या हिशेबात गुंतलेली असते. शेरेबुकात केंद्रप्रमुखांच्या भेटी नोंदल्या जातात. शिक्षक बदलून जातात, खोल्यांचे पत्रे बदलतात, कौलं जाऊन स्लॅब येतो. जनरल रजिस्टर मात्र शाळेबरोबर जन्मतं आणि कायम जपायच्या दप्तरात मोडतं. शाळेत सगळ्यात जास्त वय त्याचं आणि सगळ्यात जास्त माणसं ओळखणारंही तेच.

स्वभावाने ते मितभाषी आहे. एका मुलाला एक ओळ, त्याहून जास्त जागा ते कोणालाच देत नाही. पहिल्या दिवशी विचारतं ते ठरलेलं: मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, कोणत्या तारखेला कोणत्या इयत्तेत दाखल. मग कित्येक वर्षं ते काहीच विचारत नाही. मूल पाटीवरून वहीवर येतं, पाढे म्हणतं, दात पडतात, नवे येतात. रजिस्टर शांत असतं. निघायच्या दिवशी उरलेले रकाने भरून घेतं: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेक सगळ्यांसमोर एकच शब्द असतो, ‘चांगली’. पुढे जगात कोणाचं काय व्हायचं ते होवो, लहानपणी प्रत्येकाला चांगलं म्हणणारी एक तरी नोंद सरकारदरबारी असावी, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

खाडाखोड त्याला खपत नाही. एकदा लिहिलेलं नाव किंवा जन्मतारीख मुख्याध्यापकही मनाने बदलू शकत नाहीत; वरिष्ठांची मंजुरी लागते आणि त्या आदेशाचा क्रमांक शेऱ्यात लिहावा लागतो. एकदा दिलेला अनुक्रमांक ते दुसऱ्या कोणालाही देत नाही. मूल चौथी होऊन जातं, मुंबईला जातं, म्हातारं होऊन जगातूनही जातं, पण तो क्रमांक त्याचाच राहतो.

त्याची एक खोड महाराष्ट्रातल्या घराघरात पोचलेली आहे. जुनी पानं उघडली की एकामागून एक मुलं १ जूनला जन्मलेली दिसतात. जन्माची नोंद नसायची. आई सांगायची, ‘भात लावायच्या दिवसांत झाला’, ‘मोठ्या पुराच्या साली झाली’. गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज घ्यायचे. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा सहा वर्षं पुरी असायला हवीत, म्हणून मागे मोजून १ जून लिहायचे. पुढे त्याच तारखेने ही माणसं नोकरीला लागली, त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्त झाली. आपल्याकडच्या एका सबंध पिढीला वाढदिवस दिला तो या रजिस्टरने. आज जन्मदाखल्यावाचून आलेल्या मुलाला कोणी परत पाठवू शकत नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याचं चौदावं कलम तसं बजावतं. हे औदार्य कायद्याच्या पुस्तकात २००९ साली आलं. वाडीतल्या गुरुजींनी आणि त्यांच्या रजिस्टरने ते आधीच अंगी बाणवलं होतं.

एका ओळीत किती मावतं, याची साक्ष साताऱ्याला आहे. तिथल्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या दप्तरात १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंद करणाऱ्याने त्या दिवशी वर-खालच्या ओळींसारखीच ही ओळ लिहिली असणार. रजिस्टरने तिला वेगळी शाई दिली नाही, वेगळी जागा दिली नाही. मूल पुढे कोण होणार आहे हे त्याला आधी कळत नाही, म्हणून ते प्रत्येकाला सारख्याच गांभीर्याने लिहितं. लहान शाळांचा विचार करताना ही त्याची शिस्त मला सतत आठवते.

जातीचा रकाना हा त्याच्या अंगावरचा सगळ्यात जड भाग. जुन्या पानांवर तो रकाना वाचताना मन आक्रसतं. मुलाचं वय सहा वर्षं आणि त्याच्यासमोर समाजाने आधीच लिहून ठेवलेली जागा. पण त्याच रकान्याने पुढे अनेकांना हात दिला. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, ज्यांच्याकडे खरेदीखत नव्हतं, त्यांच्या आज्याचा कागदावरचा माग बहुतेकदा एकाच ठिकाणी सापडतो, तो म्हणजे शाळेच्या रजिस्टरात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा जुन्या शाळांची दप्तरंही झाडून बाहेर निघाली. म्हणून पटावर सात मुलं असलेल्या शाळेतही भर दुपारी विरारहून, नालासोपाऱ्याहून रात्रभर प्रवास करून आलेला कोणीतरी दारात उभा असतो. ‘गुरुजी, आमच्या आजोबांचा उतारा मिळेल काय?’ गुरुजी चौथीला गणित घालून देतात, पहिलीला चित्र काढायला बसवतात आणि कपाट उघडतात. पिवळी पानं उलटत सुटतात. नाव सापडतं. नातू मोबाईलवर त्या ओळीचा फोटो काढतो आणि थोडा वेळ नुसताच पाहत बसतो. आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते, हे त्याला त्या क्षणी कळलेलं असतं.

याच रजिस्टरात कोकणाची लोकसंख्याही वाचता येते, त्यासाठी जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती; २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. राज्य वाढत असताना रत्नागिरी आणि शेजारचा सिंधुदुर्ग, हे दोन्ही जिल्हे आकसले. २०११ च्या मोजणीत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईत होते. आकडे हे सांगतात. रजिस्टर तेच नावानिशी सांगतं. एका पानावर एकाच वाडीतली, एकाच आडनावाची चुलतभावंडं रांगेने दाखल होतात. दहा-बारा पानं उलटली की ती आडनावं विरळ होतात. मधेच एखाद्या वर्षी ‘आधीची शाळा’ या रकान्यात मुंबई महापालिकेच्या शाळांची नावं येऊ लागतात: परळ, लालबाग, डिलाईल रोड. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबला आणि कितीतरी घरांनी बायकामुलांना गावी धाडलं. गावच्या रजिस्टरने त्या मुलांना दोन प्रश्न विचारून आत घेतलं. त्यातली काही पुन्हा मुंबईला गेली, काही चौथी होईपर्यंत राहिली. संपावर ग्रंथ लिहिले गेले. गावी परतलेल्या मुलांची सगळ्यात जवळची नोंद मात्र अशा रकान्यांत पडून आहे.

मग पाळणे कमी हलू लागले. महाराष्ट्राचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १.७ निघाला. घरात एक किंवा दोन मुलं, त्यातही तरुण जोडपी वाडीत राहत नाहीत. जूनमध्ये गुरुजी आणि बाई घरोघर दाखलपात्र मुलं शोधत फिरतात तेव्हा ओटीवर म्हातारी माणसं भेटतात. तोरण बांधून, फुलं देऊन, पहिलीत आलेल्या दोन मुलांचा प्रवेशोत्सव होतो. त्या दोन ओळी लिहिताना गुरुजींचं अक्षर नेहमीपेक्षा देखणं येतं.

आज त्या ओळींत कोण आहे, हे नीट पाहायला हवं. ज्यांना परवडतं ते मुलाला व्हॅनमध्ये बसवून मोठ्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवतात. पुष्कळदा मुलगा व्हॅनने जातो आणि त्याची बहीण वाडीच्या शाळेत राहते; लागोपाठच्या दोन ओळींत भाऊ ‘अन्य शाळेत प्रवेश’ म्हणून बाहेर पडलेला दिसतो आणि बहिणीचे शेवटचे रकाने कोरे असतात. धनगरवाड्यावरून रान तुडवत येणारी मुलं आहेत. दिवाळीनंतर कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलं आहेत. आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी राखणदारांची मुलं आहेत. त्यांच्या जन्मस्थळाच्या रकान्यात डोंगरापलीकडच्या देशाचं नाव येतं आणि वर्षभरात ती कोकणी हेल काढून मराठी बोलतात. म्हणजे पट घटला आहे तो साध्या वजाबाकीने नव्हे. ज्यांच्याकडे दुसरा रस्ता होता ते गेले, ज्यांच्याकडे नव्हता ते राहिले. लहान शाळेचा पट म्हणजे राज्यातल्या सगळ्यात कमी पर्याय असलेल्या मुलांची यादी आहे. मागासवर्गातल्या आणि गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता देण्याची योजना राज्याने आणली, तीही याच ओळींतल्या मुलींसाठी.

रजिस्टरातला मला सगळ्यात जिव्हाळ्याचा रकाना म्हणजे ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथे मोजकेच शब्द फिरून फिरून येतात. ‘पुढील वर्गाची सोय नाही.’ ‘पालकांचे स्थलांतर.’ ‘सततची गैरहजेरी.’ ‘पालकांची इच्छा.’ बीडकडच्या रजिस्टरांत ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक कारण वाढतं, मराठवाड्यातून कारखान्यांच्या फडावर निघालेल्या मुलांचं. हा रकाना ओळीने वाचत गेलं तर त्या वाडीतला रोजगार, रस्ता, पाणी, लग्नाचं वय, सगळं कळतं. मुलींच्या नावांसमोर ‘पुढील वर्गाची सोय नाही’ हे कारण जुन्या पानांवर जितकं दाट आहे, तितकं नव्या पानांवर राहिलं नाही. ही कमाई लहान शाळांची आहे.

अलीकडे रजिस्टराला धाकटी भावंडं झाली. प्रत्येक शाळेला यूडायस या शाळांच्या माहिती प्रणालीचा अकरा आकडी क्रमांक मिळाला. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. २०१५ मध्ये सरल ही विद्यार्थ्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली आली, मग आधारची जोडणी, मग आपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. ही भावंडं चपळ आहेत. मुंबई-पुण्यात बसून वाडीतला पट दिसतो, एकच मूल दोन शाळांत दाखवलेलं चटकन सापडतं. याची गरजही होती. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर सलग तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली आणि कितीतरी शाळांच्या पटावर प्रत्यक्षात नसलेल्या मुलांची नावं निघाली. रजिस्टरच्या लेखी तो अपमानाचा काळ होता. त्याच्या ओळींत खोटी नावं घालण्यात आली होती. पण खोटा पट फुगतो तिथे मुलं खूप असल्याचं दाखवून काहीतरी मिळवायचं असतं. दहा मुलांच्या वाडीत खोटं नाव लपतही नाही; तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

नव्या व्यवस्थेचा एक कच्चा दुवा मात्र याच मुलांना बोचतो. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आता आधार जुळलेल्या मुलांवर होते. कातकरी मुलाचं आधार निघालेलं नसतं, किंवा आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एका काना-मात्रेने जुळत नाही. मूल वर्गात बसलेलं असतं, खिचडी खातं, कविता म्हणतं आणि तरी संगणकाच्या मोजणीत नसतं. रजिस्टरात ते असतं. गुरुजींनी त्याला समोर उभं पाहून लिहिलेलं असतं.

वर्षातला कसोटीचा दिवस ३० सप्टेंबर. त्या दिवसाचा पट धरून पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. म्हणून द्विशिक्षकी शाळा, आणि म्हणून एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाकडे. अशा शाळांवर टांगती तलवार नवी नाही. दहाहून कमी पट म्हणून १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत घालण्याचा निर्णय डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ इथले प्रयोग पुढे ठेवले गेले. वीसहून कमी पटाच्या शाळा त्या वेळी १४,७०० च्या वर होत्या आणि त्यांत १,८५,००० च्या आसपास मुलं. एका शाळेत बारा म्हटलं की नगण्य वाटतं. बेरीज एका शहराएवढी होते.

समूह शाळेच्या बाजूने जे म्हटलं जातं त्यातलं काही मला मनापासून पटतं. चार मुलांच्या वर्गात कबड्डीचा संघ होत नाही. बरोबरीचं कोणी नसलेलं मूल एकटं पडतं. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, खेळाचं मैदान, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळू शकतो. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची शाळा पट तीनवर आल्यामुळे बंद व्हायच्या बेतात होती. चांगल्या शिकवण्याने ती काही वर्षांत शंभराच्या पुढे गेली आणि २०२५ मध्ये जगभरच्या शाळांमधून लोकमताचा पुरस्कार घेऊन आली. शिक्षकाने ठरवलं तर काय होतं, याचा हा धडधडीत पुरावा. पण चाकणच्या कारखान्यांच्या टापूत मुलं आहेत, रस्ते आहेत, दुसऱ्या गावाहून मूल आणून सोडणारे पालक आहेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीत कितीही जीव ओतून शिकवलं तरी जन्मालाच न आलेलं मूल पटावर येणार नाही. तिथे पट हा शिक्षकाच्या कामाचा गुणांक नसतो. तो त्या डोंगराचा आणि तिथून गेलेल्या माणसांचा हिशेब असतो. वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२३ साली एकच विद्यार्थी होता आणि त्याला शिकवायला एक शिक्षक रोज जात होते. एका मुलासाठी शिक्षक पाठवणाऱ्या राज्याबद्दल मला अभिमान वाटतो.

शाळा बंद झाली की रजिस्टर जवळच्या शाळेच्या ताब्यात दिलं जातं. ते तिथेही जपलं जाईल, उतारेही मिळतील. त्याचं फारसं बिघडणार नाही. बिघडेल ते पाचसहा वर्षांच्या मुलीचं, जिच्या घरापासून शाळा आता ओढ्याच्या पलीकडे गेली. जून ते सप्टेंबर तो ओढा कसा असतो हे कोकणात कोणाला सांगायला नको. गाडी देऊ म्हटलं तरी ती वाडीपर्यंत चढते का, भाड्याचे पैसे वेळेवर आले नाहीत तर पुढल्या महिन्यात येते का, हे प्रश्न उरतात. आणि ती मुलगी घरी राहिली तर तिचं नाव कोणत्याच रजिस्टरच्या ‘कारण’ या रकान्यात येणार नाही, कारण ती दाखलच झालेली नसेल. गळती निदान मोजता येते. न आलेलं मूल मोजायला वही नाही.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हा राज्य एकेका मुलाच्या मागे धावत होतं. ती वृत्ती आपल्याला परत हवी आहे. एखाद्या वाडीची शाळा हलवायची असेल तर कोणत्याही आदेशावर सही होण्याआधी अधिकाऱ्यांनी त्या शाळेत जावं, जनरल रजिस्टरची शेवटच्या वीस वर्षांची पानं ओळीने वाचावीत, आज पटावर असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरापासून नव्या शाळेपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात पायी चालावा आणि मग गावसभेत बसून निर्णय सांगावा. शिक्षण हक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाने परिसरातल्या शाळेत शिकण्याचा हक्क मुलाच्या नावे लिहिला आहे, पटाच्या बेरजेच्या नावे नाही. जनरल रजिस्टर पहिल्या दिवसापासून हेच करत आलं आहे: आधी मूल, मग क्रमांक, बेरीज सगळ्यात शेवटी. शासनाने आपला हिशेब त्याच क्रमाने मांडावा.